मीठ आणि खात्रीबाई

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई नारळवाल्यावर, पंचांगावर आणि वेळ पडली तर स्वतःच्या चष्म्यावरही संशय घ्यायच्या. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात सगळे त्यांना मागून खात्रीबाई म्हणत. मी नोकरीला लागले तेव्हा माझी पदवी खरी आहे ना, हे त्यांनी कॉलेजात फोन करून विचारलं होतं.

कारखान्यात चांदी आम्लात विरघळवून तिचं द्रावण बनवतात. दिसायला साधं पाणी. त्यात चांदी किती, हे मोजायचं काम आमचं. नमुन्यात दुसरं रसायन थेंबथेंब सोडायचं आणि लालसर छटा टिकली की थांबायचं. बाई माझ्या खांद्यामागून बघत. "आकडा लबाड असतो गं, पहिल्या भेटीत खरं बोलत नाही," म्हणायच्या आणि सगळं पुन्हा करायला लावायच्या. मला वैताग यायचा, तरी घरी गेल्यावर मी आईला त्यांच्याच गोष्टी सांगायचे.

एका उन्हाळ्यात आकडे कमी यायला लागले. टाकीत घातलेली चांदी आणि द्रावणात सापडणारी चांदी जुळेना. चोरी, दुसरं काय? बाईंनी कुणालाच सोडलं नाही. फाटकावर रोज माझीही पर्स उघडायला लावली. शेवटी संशय संतोषवर येऊन थांबला. उमरठचा हा चाळिशीतला माणूस टाकीतून नमुने आणायचा, बाटल्या धुवायचा.

"मॅडम, मी नाय घेतली," एवढंच तो म्हणाला.

"कशावरून?" बाईंनी विचारलं. त्याने खिसे उलटे करून दाखवले. कारखान्याच्या साहेबांनी त्याला घरी बसवलं आणि ही बातमी त्याच्याआधी गावात पोचली.

तो गेल्यावर आकडे ताळ्यावर आले. झालं, सगळ्यांची खात्री पटली. बाईंची मात्र नाही. इतकं सरळ कधी काही असतं का, म्हणत त्यांनी कपाटातून संतोष असतानाच्या जुन्या नमुन्याची तपकिरी बाटली काढली आणि काचपात्रात उपडी केली. तळाशी दह्यासारखा पांढरा साका निघाला. खिडकीतल्या उन्हात ठेवल्यावर तो जांभळा पडला. असा रंग मिठाने धरलेल्या चांदीचाच होतो, म्हणत बाई मोरीवर गेल्या आणि संतोषचा मिठाचा डबा घेऊन आल्या. चांदीने बाटल्या आतून काळ्या होत, आणि नेटका संतोष घरची तांब्या-पितळेची भांडी घासावीत तशा त्या मिठाने घासत होता. पाण्याची टंचाई, म्हणून एकाच बादलीत विसळत होता. राहिलेलं मीठ चांदीला धरून तळाशी बसत होतं आणि आम्ही वरचंच मोजत होतो. तो गेला, तसं मीठही थांबलं.

रविवारी बाई मला घेऊन उमरठला गेल्या. अंगणात शेजारीपाजारी जमले. बाईंनी पिशवीतून द्रावणाची बाटली काढली, संतोषच्या बायकोकडून चिमूटभर मीठ मागून घेतलं आणि आत टाकलं. पाण्याचं ताक झालं. चोरी झालीच नाही, चूक आमच्या मोजण्याची, असं त्यांनी मोठ्याने सांगितलं. एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने मान डोलावली.

संतोष हसला नाही. "गावाला मिठानं पटलं, मॅडम. मी इतकी वर्सं तुमच्या म्होरं हाय. माझं बोलणं का नाय पटलं?"

बाईंनी बाटलीला बूच लावून ती पिशवीत ठेवली. संतोष कामावर परत आला नाही. पाचाडला एका खानावळीत असतो, असं ऐकते.

पुढच्या दिवाळीत बाई निवृत्त झाल्या. मला त्यांची फार आठवण येते. आता त्यांच्या जागी मी आहे. नमुना मी दोनदा मोजते, रिकामी बाटली उजेडात धरून बघते. पण समोर उभं राहून कुणी "मी नाय घेतली" म्हणालं, तर काय करायचं, ते मात्र बाईंनी मला शिकवलं नाही. त्यांनाही ते येत नव्हतं.