गरम हवेचा दांडा

माझी भक्ती कसली होती, ते आधी सांगतो. नव्वदच्या सुमाराला मी दर सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचो आणि मागायचो काय, तर साडूंचं पायलटचं लायसन्स अडकू दे! बदलापूरला खरवईत राहणारे हे साडू, दिगंबरराव, फ्लाइंग क्लबात माझ्यानंतर आले आणि लायसन्स माझ्याआधी घेऊन बसले. सासूबाईंना तर त्यांचं कौतुक किती करू नि किती नको. देव आहे तरी का, असल्या शंका मला तेव्हाच यायला लागल्या.

दिगंबररावांनी मला एकदा समजावलं होतं. “साडूभाऊ, गारठ्यात हवा दमट असली की कार्बोरेटरमध्ये पाणी धरतं, त्याचा बर्फ होतो. इंजिनाचा गळाच आवळतो. गरम हवेचा दांडा ओढायचा. बर्फ वितळून पाणी आत गेलं की खोकला आधी वाढतो. घाबरून दांडा परत ढकलू नका!”

“मला शिकवताय? तुमच्याआधी आलोय मी क्लबात,” मी फणकारलो.

जानेवारीत सासूबाई त्यांच्याकडे मुक्कामाला होत्या. मी सकाळी एकटाच सरावाला निघालो होतो. खरा जावई कोण हे दाखवायला विमान नेलं थेट साडूंच्या गच्चीवर. नीट दिसावं म्हणून इंजिन कमी करून धुक्यालगत घिरट्या घालत राहिलो. तिसऱ्या घिरटीला इंजिन खोकलं, आवाज बसला, विमान खाली जायला लागलं.

दांडा ओढला. इंजिन आणखीच आचके द्यायला लागलं. साडूंचं ऐकून मरायचं की काय? दांडा परत ढकलायला हात उचलला, तेवढ्यात समोरची शेतं भराभर मोठी झाली. माझा धीर सुटला आणि मी, पायलट म्हणवणाऱ्या माणसाने, सगळं सोडून चक्क हात जोडले. “महादेवा, सगळं साडूंना दे. मला फक्त खाली उतरव.” हात जोडलेले, म्हणून दांडा ओढलेलाच राहिला. दोन खोकले, एक मोठा आचका, आणि इंजिन भरल्या आवाजात चालू झालं.

उतरल्यावर थेट खरवई गाठली आणि दिगंबररावांपुढे सगळं ओकलो, सोमवारच्या मागण्यांसकट. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, “अहो, सासूबाई तेव्हा आंघोळीला होत्या. त्यांनी काहीच बघितलं नाही.” मला हसू आलं, आणि हसता हसता रडू.

योग्य सल्ला माझ्याजवळ होता. मत्सराने मी तो ढकलूनच देणार होतो. मी हात काढून घेतला तेव्हा कुठे त्याला काम करता आलं. त्या दिवशी देवाने माझा जीव वाचवला आणि वर साडूंच्या घरचा चहा गोड लागायला लावला. यातली मोठी कृपा कोणती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.