भिंतीवर लावायचा फोटो

माझ्या एका फोटोचं एकदा फार कौतुक झालं. पुण्यातल्या एका प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. तो दाराइतका मोठा करून लावला होता आणि माणसं त्याच्यापुढं उभी राहून हळू आवाजात बोलत होती. फोटोत एक म्हातारा गोठ्यात बसलाय. अंगात फाटकी बंडी. छपराच्या फटींतून उन्हाचे पट्टे तिरपे खाली आलेत आणि म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी ओघळलंय. ते पाणी धुराचं होतं, आणि धूर मी करायला लावला होता. हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

मी नोकरीनं पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे गाईम्हशींना लस टोचायची, कानात बिल्ले मारायचे, माजावर आलेलं जनावर भरवायचं, म्हणजे रेतन करायचं. राहतो भोरला, काम वेल्ह्याकडच्या गावांत. तिथं सगळे मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. सुरुवातीला सांगायचो, मग सांगायचं सोडून दिलं.

चाळिशी ओलांडल्यावर कॅमेरा घेतला. का घेतला ते नीट सांगता येणार नाही. जनावरांच्या शेपट्या धरून निवृत्त व्हायचं नव्हतं, एवढं खरं. मेहनत मात्र केली. पहाटे उठून धरणाकडं जायचो. लस टोचायला खोड्यात अडकवलेल्या म्हशीच्या डोळ्यावर फोकस धरायची सवय केली, कारण म्हैस कंटाळत नाही आणि फोटो दाखवा म्हणत नाही. एकाच लेन्सवर वर्षभर काम केलं. ऊन कुठून येतं, सावली कुठं पडते, याचा नाद लागला. इंजेक्शन देतानासुद्धा माझं लक्ष गोठ्याच्या दारातल्या उजेडाकडं असायचं.

रविवारी पुण्यात एका सरांच्या वर्गाला जायचो. सरांनी माझे फोटो बघितले आणि म्हणाले, "गोड आहेत. गोड फोटो कॅलेंडरवाले काढतात." तिथं बसलेल्या पंचवीस-तिशीतल्या पोरांपुढं मी, केस पिकलेला माणूस, मान खाली घालून ऐकत होतो. सरांचा एक नियम होता. निवड जागेवरच करायची. काम संपलं की तिथंच कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघायचं, जे उभं-ताठ, कॅमेऱ्याकडं बघणारं असेल ते पुसून टाकायचं. घरी नेलं की माया लागते, म्हणायचे. मी तो नियम देवाच्या नेमासारखा पाळायला लागलो. व्यावसायिक व्हायचं तर असंच, असं मला वाटे.

तो म्हातारा मार्गासनीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावातला. त्याच्या घरी दोन म्हशी, मुलगा, सून, नातवंडं. भरलेलं घर. माझं तिथं महिन्या-दोन महिन्यांनी जाणं व्हायचं आणि चहा घेतल्याशिवाय सून मला गाडीला किक मारू द्यायची नाही. माझ्या गळ्यात कॅमेरा दिसायला लागल्यापासून म्हाताऱ्यानं एकच धरलं होतं.

"डॉक्टर, माजा येक फोटू काडा. भितीवर लावायचा."

"मुलाच्या मोबाईलवर काढा की बाबा."

"त्याचा मोबाईल भातलावणीच्या चिखलात पडला, सगळे फोटू बुडाले. मोबाईलमदला फोटू मोबाईलमदीच ऱ्हातो. मला मोठ्या कॅमेऱ्याचा पायजे. आमची गेली, तर तिचा फोटूच न्हाई. येका लग्नाच्या फोटूत कडंला निसतं तिचं कोपार आलंय. आता कोपराला हार घालू व्हय?"

सून आतून हसली. म्हणाली, "मामांजी रोज मराया टेकल्यावानी बोलत्यात आन भाकऱ्या तीन खात्यात."

"खातो म्हनूनच म्हनतो. गालफाडं बसल्यावर फोटू काडून काय करायचाय."

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी गेलो तेव्हा त्यानं तयारी करून ठेवली होती. धोतर, पांढरी टोपी आणि वर मुलाच्या लग्नातला तपकिरी कोट. कोटाच्या गुंड्या वरखाली लागल्या होत्या, त्या सुनेनं सोडून पुन्हा लावल्या. घराच्या निळ्या भिंतीपुढं तो हात मांड्यांना चिकटवून उभा राहिला, शाळेत कवायतीला उभं करतात तसा. मी एक फोटो काढला. एकच. मन लावून नाही काढला, त्याचं समाधान व्हावं म्हणून काढला. पडद्यावर मोठा करून बघितला होता, म्हणून मला तो अजून पाठ आहे. डोळे लखलखीत, नजर सरळ, ओठ मिटलेले, कारण पुढचे दात नव्हते आणि ते दिसू नयेत याची त्यानं काळजी घेतली होती.

मग मी त्याला म्हणालो, "बाबा, आता कोट काढा. जरा गोठ्यात बसू."

"गोट्यात कशाला?"

"तिथं उजेड चांगला आहे."

बंडी बरी होती ती नको म्हणालो. फाटकी मागितली. सून आतून घेऊन आली, पण देताना तिनं ती घडी करून, भोक आत जाईल अशी दिली. मी ती उलगडून भोक पुढं येईल अशी त्याला घालायला लावली. नातवंडं दारात आली होती, त्यांना पिटाळलं. सुनेलाही म्हणालो, तुम्ही जरा बाजूला व्हा, मला एकटे हवेत. उन्हाचे पट्टे दिसायचे तर हवेत धूर लागतो, हे वर्गात शिकलो होतो. संध्याकाळी डासांसाठी ते गोठ्यात शेणीची धुरी करतात. मी ती चार वाजताच करायला लावली, वर ओला पालापाचोळा टाकायला सांगितला. म्हातारा खोकायला लागला. डोळ्यांतून पाणी आलं. तो पुसायला गेला तर मी म्हणालो, "पुसू नका. तसंच राहू द्या."

तो तसाच राहिला. डॉक्टर सांगतात म्हणून राहिला. म्हशीला धरून ठेव म्हटलं की धरतात, त्याच भरवशानं. मी अर्धा तास त्याला धुरात बसवून ठेवलं आणि तीनशेच्या आसपास फोटो काढले.

परत येताना रस्त्यातल्या मोरीच्या कठड्यावर बसलो आणि निवड केली. धुरातले बारा ठेवले. निळ्या भिंतीपुढचा फोटो आला. मी थांबलो, हे मला आठवतं. त्याला कागदावर काढून द्यायचा आहे, हेही मला त्या क्षणी आठवत होतं. पण तो उभा, ताठ, कॅमेऱ्याकडं बघणारा होता. असल्या फोटोंची मला लाज वाटायला लागली होती. असा फोटो काढणारा मी राहिलो नाही, हे मला मलाच दाखवायचं होतं. म्हणून अंगठ्यानं पुसला. पुढच्याच रविवारी एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढायला पानशेतला गेलो, तेव्हा ते बारा संगणकात उतरवून कॅमेऱ्यातलं कार्ड आख्खं कोरं केलं आणि तेच वापरलं. शहरातली ती दोघं नऊवारी आणि धोतर नेसून दुसऱ्याच्या भातखाचरात औत धरून हसत होती. ते पहिलं काम. मला वाटलं, लागली आपली गाडी मार्गाला.

बक्षिसाच्या फोटोखाली संयोजकांनी शब्द लिहिला होता, 'एकाकी'. मला विचारलं होतं. मी चालेल म्हणालो. परीक्षक बाई म्हणाल्या, त्या अश्रूंत एका पिढीचं दुःख आहे. मी मान हलवली. पुढं ती प्रत पानशेतजवळच्या एका हॉटेलवाल्यानं नेली. जेवायच्या टेबलांच्या वर लावली आहे. शनिवार-रविवारी लोक तिच्याखाली बसून मटणाच्या नळ्या चोखतात आणि म्हाताऱ्यासोबत सेल्फी काढतात. मी एकदा ते बघितलं आणि हात धुवायच्या बेसिनशी जाऊन उभा राहिलो. ओकारी झाली असती तर बरं झालं असतं. झाली नाही.

म्हातारा विचारत राहिला. "फोटू आला का?"

"धुवायला टाकलाय बाबा."

कॅमेऱ्यात रीळ नसतं हे त्याला माहीत नव्हतं आणि त्याला ते माहीत नाही याचा मी उपयोग केला. पुन्हा काढायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. कॅमेरा प्रत्येक वेळी माझ्या पिशवीत असायचा. पण पुन्हा काढायचा म्हणजे पहिल्याचं काय झालं ते सांगायचं, आणि बंडीतल्या त्या फोटोचं मी काय केलं इथपर्यंत बोलणं गेलं असतं. शेवटी मी ते गाव दुसऱ्या सहकाऱ्याकडं दिलं आणि त्याचं एक माझ्याकडं घेतलं. रस्ता सोयीचा पडतो म्हणालो.

तर एक दिवस तो एसटीनं आमच्या जनावरांच्या दवाखान्यात आला. मी आतल्या खोलीत औषधांचे खोके मोजत होतो. खिडकीतून दिसला. बाकावर बसून तो शिपायाला विचारत होता, "आमचं फोटूवालं डॉक्टर हायेत का?" मी मागच्या दारानं बाहेर पडलो, चिंचेखाली गाडी होती ती ढकलत फाटकापर्यंत नेली आणि तिथं चालू केली, आवाज होऊ नये म्हणून. मी शेहेचाळीस वर्षांचा होतो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी शिपाई म्हणाला, "म्हातारं दोन तास बसलं. पिशवीत कोट आणला होता. म्हनलं, पयला बिघडला आसंल तर पुन्यांदा काडतील."

त्यानंतर भात कापणीच्या दिवसांत तो गेला. सुनेचा फोन आला. "डॉक्टर, मामांजी गेले. तेराव्याला फोटू पायजे. तुमच्याकडं हाये न्हवं, कोटातला?"

मी म्हणालो, "आहे."

मग भोरमधल्या स्टुडिओत गेलो. तिथले चाचा पासपोर्टचे, लग्नाचे आणि मेलेल्यांचे फोटो करतात. कॅमेरा घेतल्यापासून मी त्या पायऱ्या चढलो नव्हतो. मला ते काम हलकं वाटायचं. मी त्यांच्यापुढं बक्षिसाचा फोटो ठेवला. चाचांनी चष्मा वर केला.

"अर्धं तोंड काळोखात, डोळे मिटलेले, तोंड उघडं. साहेब, हा माणूस आहे का सावली? याला कोट कुठं चिकटवू?"

"सरळ फोटो होता. पुसला गेला."

"कार्ड आणा. कधी कधी परत येतात."

"त्याच्यावर दुसरे काढलेत."

चाचांनी चष्मा खाली घेतला. "वीस वर्षं झाली, आमच्याकडनं एक माणूस पुसला गेलेला नाही," एवढंच बोलले आणि सुनेकडून आधार कार्ड मागवायला सांगितलं. त्यावरचा शिक्क्याएवढा चेहरा मोठा केला, घासूनपुसून उजळला आणि त्याखाली संगणकातला निळा कोट जोडला. तो कोट मी पूर्वी पाहिला होता. भोर-वेल्ह्यातल्या निम्म्या घरांत, भिंतीवरचे वारलेले लोक तोच कोट घालून असतात.

तेराव्याला मी फ्रेम घेऊन गेलो. खुर्चीवर ठेवली. सून हार घालायला पुढं झाली आणि थबकली.

"ह्यो कोट आमचा न्हाई."

मी म्हणालो, "वहिनी, कार्ड खराब झालं. सगळंच गेलं." तिचा नवरा शेजारी होता. तो म्हणाला, "जाऊ द्या डॉक्टर, यंत्राचं काय सांगावं. तुमी धावपळ केली, लई झालं." त्यानं माझा हात धरला. तो धरलेला हात मला घरी येईपर्यंत नकोसा वाटत होता. माझाच हात.

पुढचं वर्षभर मी कामं करत राहिलो, बरी करत राहिलो. मला आता उजेड समजतो, हे खोटं नाही. पण डोळ्याला कॅमेरा लावला की धुराचा वास यायचा. शेवटी एका सकाळी त्या घरी गेलो. नवरा शेतावर होता. सून गोठ्यात शेण भरत होती. मी उंबऱ्याशी उभं राहून सांगितलं. कार्ड खराब झालं नव्हतं, मी पुसला. बंडीतला हॉटेलात टांगलाय. बाबा दवाखान्यात आले तेव्हा मी आत होतो.

तिनं पाटी खाली ठेवली. "मुद्दाम पुसला?"

"हो."

"किती येळ लागतो पुसायला?"

"काहीच नाही."

तिनं म्हशीपुढची वैरण हातानं सारखी केली. मग म्हणाली, "आमच्या मालकांस्नी सांगू नगा. ते ज्याला त्याला सांगत्यात, डॉक्टरनी लई केलं आमच्यासाठी. त्यांचं तेवडं ऱ्हाऊ द्या."

माझी अपेक्षा काय होती, शिव्या द्याव्यात अशी होती बहुतेक. शिव्या दिल्या असत्या तर मी हलका होऊन परतलो असतो, आणि ते तिला कळलं असावं. तेव्हापासून त्या घरातला खोटेपणा आम्ही दोघं मिळून सांभाळतो, आणि तिला त्यात मी ओढलं. या लिखाणात कुणाचं नाव नाही ते त्यामुळंच.

"आलाच हाये तर हिला बगा," ती म्हणाली. "कालपास्नं वैरन खात न्हाई."

मी बाह्या वर केल्या. तिनं दावं आखडून धरलं. म्हशीला ताप होता, सुई दिली, गोळ्या लिहून दिल्या, पाण्याच्या बादलीत हात धुतले. तिनं टॉवेल दिला नाही. चहा विचारला नाही. मी हात पँटला पुसले आणि गाडी चालू केली.