चष्मेवाल्या एक बाई

सभेत बसून टिपणं काढणाऱ्या माणसाजवळ दोन गोष्टी साठत जातात. एक टिपणं, ती जमा करावी लागतात. दुसरे किस्से. ते कुणी मागत नाही, म्हणून घरीच राहतात.

शहरातल्या वॉर्डांची पुनर्रचना चालू होती, त्या वर्षांतले हे किस्से. आमच्या नल्लकुंट्यात एका संस्थेने रहिवाशांना वॉर्डाच्या सभेत बसून टिपणं काढायला शिकवलं. दर सभेला मानधन. ज्याला जी भाषा येते तीत लिहायचं. संस्थेची स्रवंती ते टाइप करून सगळ्यांना वाचायला ठेवायची. नियम दोनच. जे दिसलं-ऐकलं तेवढंच लिहायचं, आणि लिहिणाऱ्याने सभेत तोंड उघडायचं नाही.

०

यादम्मा आमच्या कोपऱ्यावर इडलीची गाडी लावते. मानधनाचं ऐकून तिला आधी खरंच वाटेना. "बैठने के पैसे? मैं तो जिंदगीभर खडे रहके कमाई!"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाल्यावरचा स्लॅब खचला होता. शाळेची मुलं तेवढ्या जागेवरून उड्या मारत जायची. यादम्माच्या पहिल्याच सभेत तो विषय निघाला. इंजिनिअरसाहेब तिच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "ये नक्को लिखो अम्मा, स्लॅब का मेरेकू भी कुछ नै मालूम."

यादम्माने तेलुगूत लिहिलं : साहेब म्हणाले, हे लिहू नका. त्याखाली : स्लॅबचं साहेबांनाही काही माहीत नाही.

पुढच्या सभेपासून साहेब लांबची खुर्ची बघून बसू लागले.

०

नागनाथकाका आमचे शेजारी. कोर्टात पेशकार होते, निवृत्त होऊनही कोर्ट सुटलं नव्हतं. सभेत चहा आला की ते लिहायचे, "सुनावणी तहकूब." एकदा नगरसेवक आलेच नाहीत, तर काकांच्या टिपणात "प्रतिवादी गैरहजर."

स्रवंती म्हणाली, "काका, ते नगरसेवक आहेत."

"आले होते का?"

"नाही."

"मग?"

०

माझी पत्नी सुधा शाळेत गणित शिकवायची. सगळी गल्ली तिला टीचर म्हणे. दर सभेत ती उठायची आणि एवढंच विचारायची, स्लॅब कधी बसणार. पहिल्यांदा विचारलं त्या दिवशी लिहायला काका होते. त्यांच्या टिपणात आलं : "चष्मेवाल्या एक बाई, निळ्या काठाची साडी. विचारलं, स्लॅब कधी? उत्तर, पुढच्या महिन्यात."

सुधा तो कागद घेऊन काकांच्या दारात गेली.

"काका, पंचवीस वर्षं आपली भिंतीला भिंत आहे. परवा माझ्या हातची पुरणपोळी खाल्लीत. आणि मी एक बाई?"

"सभेत तुम्ही नाव सांगितलं नाही."

"मग आता सांगणारच नाही."

आणि नाही सांगितलं. पुढच्या प्रत्येक सभेत उठली, विचारलं, आणि काकांकडे बघत खाली बसली. काका मान वर न करता लिहीत राहिले.

०

त्याच वर्षी श्रावणात सुधा गेली.

दोन-तीन महिन्यांनी काका दारात उभे राहिले आणि म्हणाले, "शर्ट बदला, स्रवंतीच्या क्लासला जायचंय." मी गेलो.

पहिल्या दिवशी स्रवंतीने खोटी सभा भरवली. मी लिहिलं, अधिकारी कंटाळले होते. तिने त्यावर काट मारली.

"अंकल, कंटाळा दिसला कसा?"

"जांभई दिली त्यांनी."

"मग जांभई लिहा."

सराव म्हणून तिने वाचायला जुनी टिपणं दिली. काकांची सात होती. सातांतही चष्मेवाल्या एक बाई होत्या, सातांतही उत्तर पुढच्या महिन्यात असंच. साड्यांचे रंग मात्र काकांनी दर वेळी नीट पाहून लिहिले होते. अंजिरी मला आठवत नव्हती. घरी जाऊन कपाट उघडलं. होती.

०

मग आमचा वॉर्ड दुसऱ्याला जोडला गेला. ऑफिस नवं, साहेब नवे. जुन्या वॉर्डाचे कागद तिथे पोचलेच नव्हते, म्हणून साहेबांनी स्रवंतीकडून आमची टिपणं मागवली आणि पहिल्याच सभेत जुने विषय एकेक करून काढले. तक्रारदार हजर असेल तर विषय चालू, नसेल तर बंद.

त्या दिवशी लिहायची पाळी माझी होती. काका आणि यादम्मा मागच्या रांगेत, नुसतेच ऐकायला आले होते.

दोन विषय तसेच बंद झाले. मग साहेबांनी पान उलटलं. "नाले का स्लॅब. सात बार पूछा है. चष्मेवाली एक मॅडम. कौन है?"

कुणी उठलं नाही. मी स्रवंतीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मी लिहिलं : साहेबांनी विचारलं, कोण आहे.

"नै आए? तो बंद करूं?"

मागे खुर्ची सरकली. मी वळून पाहिलं. काकांनी आपला चष्मा काढून यादम्माच्या हातात ठेवला होता. तिने तो घातला, समोरच्या खुर्चीची पाठ चाचपून धरली आणि उभी राहिली.

"मैं."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "आप ही सात बार पूछे?"

"हौ. आज आठवी बार. स्लॅब कब डालते?"

"अगले महीने..."

"वो नक्को. वो सात बार सुने."

कुणीतरी हसलं. साहेबही थोडे हसले. शेजारच्या इंजिनिअरशी काहीतरी बोलले आणि म्हणाले, "शनिवार को डालेंगे. रजिस्टर में लिखना है, नाम बोलो."

यादम्मा काकांकडे वळली. त्या चष्म्यातून तिला काही दिसत नसावं. काका चष्म्याविना समोर बघत बसले होते.

"सुधा टीचर," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मी लिहिलं : "चष्मेवाल्या एक बाई. नाव विचारलं. सांगितलं, सुधा टीचर."