पलटणीचं बटण आणि प्रधानांचं बॅकयार्ड

गुरुदत्त प्रधान रिटायर झाले तेव्हा बायकोने एकच विनंती केली, दिवसभर माझ्या पायात घोटाळू नका. त्यांनी ती इतकी मनावर घेतली की थेट मेटल डिटेक्टर विकत आणला.

मॉन्ट्रियलजवळच्या आमच्या ब्रॉसार्डच्या पुढे, आज मक्याची शेतं आहेत तिथे, पूर्वी म्हणे इंग्रजी पलटणींचा तळ पडायचा. शेतमालकाची परवानगी काढून निवृत्त मंडळींचा एक क्लब रविवारी तिथे यंत्रं फिरवायचा. पलटणीचा नंबर असलेलं एखादं बटण निघालं की सत्तरीचे बाप्ये पोरांसारखे नाचायचे. क्लबचे अध्यक्ष रेजाँ, जन्मभर लोकांचे दात उपटलेले डेंटिस्ट. त्यांच्याकडे बरणीभर बटणं. आणि आमच्या गुरुदत्तांना काय मिळायचं, तर ट्रॅक्टरचे बोल्ट आणि बिअरच्या कॅनच्या कड्या! बेसमेंटमध्ये भंगारवाल्याने हेवा करावा असा ढीग साठला.

"मला या जन्मी काही सापडायचं नाही," ते जेवताना कुरकुरायचे. जयंतीबाई दटावायच्या, की घरात असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. गुरुदत्त हाडाचे इंजिनियर, ते फक्त हसायचे. कुणाकडे सत्यनारायण असला की यांना नेमके त्याच दिवशी विंटर टायर्स बदलायचे असत.

दोन हजार सतराच्या नोव्हेंबरात क्लबने लायब्ररीत प्रदर्शन ठरवलं. प्रत्येकाची एक वस्तू आणि खाली नावाची पट्टी. ती पट्टी गुरुदत्तांना हवी होती, अगदी लाज वाटावी इतकी हवी होती. दूर उत्तरेत, 'जेम्स बे' उपसागराकडे धरणं बांधण्यात ऐन उमेद गेली, पण तिथे कुठल्या दगडावर यांचं नाव आहे? नावाच्या नावाने शंख!

मग त्यांच्या डोक्यात आलं, तळ एवढा मोठा, तर आपल्या बॅकयार्डपर्यंत पोचला नसेल कशावरून? जयंतीबाई बर्नाबीला लेकीकडे, नीरजाकडे गेल्या होत्या, म्हणजे लॉन उकरायला मोकळं रान. कोपऱ्यातल्या झुडपापाशी यंत्र असं काही खणखणलं की त्यांनी तिथेच गुडघे टेकून उकरायला घेतलं. खालून निघाला बोटभर तांब्याचा माणूस, हिरवा पडलेला, हातपाय दुमडून पालथा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणत ते एकटेच हसत बसले.

रेजाँनी भिंगाखाली तो पाहिला आणि खुर्चीतून उठले. त्यांच्या मते कुणीतरी शिपाई हिंदुस्थानात चाकरी करून मग इकडे आला असणार, आणि हा त्याचा ताईत. काचेची मधली पेटी गुरुदत्तांना मिळाली. आपल्या आधी दोनशे वर्षं आपला देश ब्रॉसार्डला पोचला होता, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी जयंतीबाई परतल्या. गुरुदत्तांनी चहाबरोबर शिपायाचा ताईत पुढे ठेवला. जयंतीबाईंनी कप खाली ठेवला.

"अहो, हा कुठून काढलात?"

मग सगळं बाहेर आलं. नवं घर घेतलं त्या वर्षी गुरुदत्त उत्तरेत धरणावर होते, नीरजा रांगत होती आणि शेजारी फ्रेंचशिवाय बोलत नव्हते. जमीन गोठायच्या आत जयंतीबाईंनी मॉन्ट्रियलच्या एका केमिस्ट्रीच्या प्रोफेसरांना भटजी करून गुपचूप वास्तुशांत उरकली होती. आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष पालथा पुरला आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवला.

"तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही नव्हतात. घरात कुणीतरी असावं, म्हणून ठेवला होता."

गुरुदत्तांना धरणाच्या भिंतीवरचा पाण्याचा दाब तोंडपाठ होता. आपल्या मागे घरात कुणी नसतं, हे मात्र कधी लक्षातच आलं नव्हतं. फार वाईट वाटलं त्यांना, आणि इतक्या वर्षांनी वाटलं याचंही वाटलं.

त्यांनी रेजाँना फोन लावून मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं, की तो शिपाई माझी बायको निघाली. रेजाँ पोट धरधरून हसले. वर म्हणाले, तरी आणा, एका दिवसाचा प्रश्न आहे, तुमची पट्टीही छापून तयार आहे. गुरुदत्तांनी स्वयंपाकघरात पाहिलं. जयंतीबाई पातेल्यात दहीभात कालवत होत्या. ते 'नों, मेर्सी' म्हणाले आणि मधल्या पेटीसाठी ढिगातला बरासा बोल्ट निवडून ठेवला.

दुपारी कडक झालेली माती फोडून त्यांनी खड्डा केला, वास्तुपुरुष जपून पालथा ठेवला आणि माती लोटली. जयंतीबाईंना धीर निघेना. नीट ठेवलात ना, आग्नेय हीच ना, असं त्या पुन्हा पुन्हा विचारू लागल्या. गुरुदत्त बेसमेंटमधून यंत्र घेऊन आले, हेडफोन बायकोच्या कानांवर चढवला आणि मातीवरून हळूच यंत्र फिरवलं.

"वाजतंय," जयंतीबाई म्हणाल्या.

"मग घरात आहे तो," गुरुदत्त म्हणाले. "आणि मीही आहे."