होळीला बुडवलेला डोंगा

ती घटना आठवते म्हणजे आधी मोहफुलांचा वास आठवतो, माणसे मागून येतात. पन्नासच्या दशकातली गोष्ट. वैनगंगेकाठच्या एका लहान ठाण्यावर मी नवाच फौजदार होतो, घाटावरून आलेला. तिथल्या उन्हाळी सकाळी धुरकट आणि गोडसर असत. त्या जंगलातून चालताना आपण नीट जागे झालोत की नाही, हेच कळत नसे.

अशाच एका सकाळी कोतवालाने खबर आणली. तलावात मासे धरणारा एक ढिवर, धाकट्या भावाला मारल्याचे आपण होऊन सांगत सुटला होता. भाऊही पाच दिवसांपासून गावात नव्हता.

ठाण्यात आणला तेव्हा त्याच्या तोंडाला दारूचा वास होता आणि डोळे विझल्यासारखे. मी एकदाच विचारले.

"मीच मारलो त्याले, सायेब. डोंग्यात बसवून तलावाच्या मधात नेलो अन् ढकललो. मले फाशी द्या."

इतका सोपा तपास कधी मिळाला नव्हता. मी खूश झालो, हे लपवत नाही. तलावावर गेलो तर डोंगा काठाशीच, दगड भरून पाण्यात बुडवलेला. 'पुरावा नष्ट करण्याच्या हेतूने होडी बुडवली,' असे मी पंचनाम्यात झोकात लिहिले. गळ टाकून तलाव धुंडाळला, प्रेत मिळाले नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्याला चांद्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेणार होतो. तिथेही हेच बोलला असता, तर गडी फासावर गेला असता.

पंचनामा वाचून दाखवला. पंचांतला एक म्हातारा ढिवर अंगठा उमटवेना.

"काऊन, भाऊ?" कोतवालाने विचारले.

"डोंगा त् आमीच बुडवलो, सायेब, होळीले, महिना होत आला. उन्हानं लाकूड फाटते, म्हणून दरसाली बुडवतो. पाण्याखालच्या डोंग्यात बसून कोण जाईल?"

बाकीचे पंच दुपट्ट्यात तोंड लपवून हसले. माझे कान तापले.

मग हा कबूल का झाला? त्याच्या बायकोने सांगितले. "भावासंग भांडण झालं अन् तो निघून गेला, तेच याच्या मनाले लागलं. मांगच्या साली गाय मेली, तवाबी मीच मारलो म्हणे. पडला का महिना महिना उठत नाई. मंग एक दिवस उठते. झोप नाई, गाणे म्हणते, समद्यायले मासे फुकट वाटते. अन् दोन्ही टायमाले दारू पेते."

सोडला तर जीव देईल, म्हणून त्याला ठाण्याच्या ओसरीवर ठेवून घेतला. दारू बंद, जेवण शिपायांबरोबर. आठ-दहा दिवसांनी भाऊ खांद्यावर कुऱ्हाड टाकून परत आला. सिरोंच्याकडे बांबू तोडायला गेला होता. ढिवराने त्याला मिठी मारली आणि तो गायला लागला. असा गायला, की शिपाई कामे सोडून ऐकत बसले. ती दुपार मला अजून स्वप्नात पाहिल्यासारखी वाटते.

बायको मात्र खांब धरून उभी होती. "आता नोका सोडू, सायेब. आताच त्याचा भेव आहे. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरले दाखवा."

"बाई, माणूस हसतोय. घरी ने," मी म्हणालो. हसणाऱ्या माणसाला कोणत्या कलमाखाली ठेवायचे?

चौथ्या दिवशी भर उन्हात तो पिऊन नदीवर गेला. डोह दहा वेळा पार करतो, असे सांगत, गात पाण्यात शिरला. एकदा जाऊन आला, दुसऱ्या खेपेहून परतला नाही. 'अकस्मात मयत' हा पंचनामाही मीच लिहिला.

ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "रडत होता तवा ठेवलात. हासला तवा सोडून देल्लात."

हल्ली डॉक्टर याला बायपोलर आजार म्हणतात, आणि दारूने तो आणखी भडकतो असे सांगतात. आमच्याकडे तेव्हा वेडा आणि दारुडा हे दोनच शब्द होते. पुढे नोकरीभर मी आरोपीच्या आधी त्याच्या घरच्या बाईचा जबाब घेत आलो. त्यातून काही माणसे वाचलीही. या बाईने मात्र मला सगळे वेळेवर सांगितले होते, आणि मी तिला घरी पाठवले.