एकोणीस फोटो उरलेला रोल

अण्णा गेले तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यात रोल अर्धवट होता. वरच्या छोट्या खिडकीत आकडा होता एकोणीस. बहात्तरांतले तेवढे फोटो उरले होते. छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो काढणारा तो जुना जपानी कॅमेरा. ती कंपनी आधी सूक्ष्मदर्शकं बनवायची, हे अण्णा कौतुकानं सांगत. शाळेत विज्ञान शिकवायचे ना. चौकट अर्धी केली की फिल्म दुप्पट पुरते, हे त्यांना फार पटलं होतं. एक रोल वर्ष-दीड वर्ष चाले.

मला त्या रोलमधला एकच फोटो हवा होता. शेवटच्या भेटीत मी आमच्या गावाहून, रिह्याहून, पुण्याला निघाले तेव्हा ते म्हणाले होते, "थांब जरा, एक फोटो काढतो." एसटी चुकेल म्हणून मी थांबले नाही. त्यांनी तो काढला की नाही, मला माहीत नव्हतं. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. उजेड कमी असला की बघायच्या काचेत लाल पट्टी वर येई आणि बटण दाबलंच जात नसे.

रोल आहे तसाच धुवायला द्यावा, असं माझं म्हणणं. आई ऐकेना.

"त्यांनी अर्धा रोल कधी भाईर काढला न्हाई."

पौडचा स्टुडिओवाला पुढच्या महिन्यापासून फिल्म धुवायला घेणार नव्हता. मग रोल संपवायला दोन दिवस मी कॅमेरा घेऊन नुसती भटकले. पहिला फोटो तर बटण चाचपतानाच निघून गेला. नंतर भाताची खाचरं, एसटीचा थांबा, उरवड्याच्या कारखान्याचं फाटक, विकलेल्या जमिनीभोवतीचं नवं तारेचं कुंपण. काय काढतेय याकडे लक्ष नव्हतं. आकडा तेवढा खाली यायला हवा होता.

स्टुडिओवाल्यानं एकेका कागदावर दोन-दोन फोटो छापले होते. मशीनला अर्धी चौकट कळत नाही, म्हणाला. अण्णांचा शेवटचा आणि माझा पहिला असे शेजारी आले होते. उजवीकडे अंगण आणि माझ्या चपला. डावीकडे रस्ता, आणि रस्त्यावर पाठमोरी मी.

"कापून वेगळे करू का, ताई?"

मी नको म्हणाले.

घरी आईनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"लई बारीक आलीस की," ती म्हणाली.

खरंच नखाएवढी होते. आमच्या फाटकापासून पार करंजाच्या झाडाजवळ पोचलेली. अण्णा फिल्म वाया घालवणारे नव्हते. पाठमोऱ्या माणसाचा फोटो त्यांनी एरवी काढला नसता. मी वळेन म्हणून तेवढा वेळ ते कॅमेरा डोळ्याला लावून उभे होते.