सोळा डिसेंबरची सुट्टी

सुट्ट्या येतात आणि जातात, हे कामशातला कुणी सांगायची गरज नव्हती. ब्याऐंशी वर्षांत तिनं पुष्कळ पाहिल्या होत्या. सोव्हिएत काळात साखरबीटाच्या सरकारी शेतावर कामाला होती तेव्हा सात नोव्हेंबरला, क्रांतिदिनाला, लाल झेंडा धरून चालायचं आणि घरी आल्यावर गारठलेली बोटं दुधाच्या किटलीला लावून बसायचं. ती सुट्टी गेली. तिच्या आईच्या वेळी बंद पडलेला नौरीझ, नववर्षाचा सण, परत आला. पंचवीस ऑक्टोबरचा प्रजासत्ताक दिन सुरू झाला, मधेच नकोसा झाला, या वर्षी पुन्हा हवासा झाला.

"सरकारचं आपलं सुनेसारखं," ती म्हणायची. "आल्या आल्या आधी भांडी हलवते."

सोळा डिसेंबर मात्र कुणी हलवला नव्हता. एक्क्याण्णवमध्ये त्या तारखेला कझाकस्तानच्या स्वातंत्र्याचा कायदा झाला. त्याच्या बरोबर पाच वर्षं आधी, त्याच तारखेला, मॉस्कोनं बाहेरचा माणूस कझाकांच्या डोक्यावर आणून बसवला होता. दुसऱ्या दिवशी आल्माटीच्या चौकात पोरं निषेधाला जमली आणि सैनिकांनी त्यांना झोडपून काढलं. तारीख कशी नेमकी जुळून आली, असं एक्क्याण्णवमध्ये सगळे म्हणाले.

त्या पोरांत कामशातचा येरमेक होता. वीस वर्षांचा. बांधकाम शिकत होता. सतराला वसतिगृहातून गेला तो गेलाच. ना प्रेत मिळालं, ना कागद. बापानं शहरात तीन खेटे घातले आणि चौथ्याच्या आधी अंथरूण धरलं.

"जुळून आली म्हणे," कामशात म्हणायची. "सोळाला माझा मुलगा मोजे धूत होता. त्याच्या खोलीतल्या मुलानं सांगितलंय मला."

दर शुक्रवारी ती तेल तापवायची. गेलेल्या माणसांना म्हणे तापल्या तेलाचा वास पोचतो, आपली आठवण काढली हे कळतं. सात शेलपेक, म्हणजे पातळ पुरीसारख्या रोट्या, तळायची, नावं घ्यायची, शेजारी वाटायची. ती नवऱ्याचं नाव घ्यायची, आईबापांचं, सासूसासऱ्यांचं, लहानपणी गेलेल्या बहिणीचंही. येरमेकचं छत्तीस वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं.

डिसेंबर लागला आणि गावच्या कचेरीतला बेइबीत आला. हा तिच्या डोळ्यांसमोर वाढलेला; गावातल्या सगळ्यांसारखा, तिच्या पोरीसारखाच, तिला आपा म्हणायचा. बूट दारात काढून, दुधाचा चहा दोन वाट्या पिऊन झाला तरी विषयाला हात घालेना.

"बोल रे बाबा, थंडीत उगीच आला नाहीस तू."

"आपा, शाळेसमोर दगड उभारतोय. शहाऐंशी सालच्या आपल्या भागातल्या पोरांचा. येरमेकदादांचं नाव घालायचंय. तुमची सही हवी."

"कशाखाली घालणार?"

बेइबीतनं कागद पुढे केला. "दोनच रकाने आलेत वरून. एक तुरुंगात गेलेल्यांचा, एक शहिदांचा."

"आणि जे आलेच नाहीत ते?"

"तसा रकाना नाही, आपा."

"मग आख. कचेरीत पट्टी नाही होय?"

बेइबीत खाली मान घालून हसला, मग हसू आवरून म्हणाला, "आणखी एक. सोळाला शुक्रवारच आलाय. प्रत्येक घरानं आपल्या माणसाच्या नावानं शेलपेक आणायची, असं ठरलंय."

"सोळाला तो जिवंत होता. जिवंत माणसाच्या नावानं तेल तापवू?"

"मग... सतराला?" एवढं बोलून त्यानंच जीभ चावली. "सतराची सुट्टी यंदापासून काढलीय, आपा. एकच दिवस ठेवलाय."

कागद कामशातनं टेबलावर तसाच राहू दिला.

बेइबीत गेल्यावर तिची मुलगी झौरे वाट्या गोळा करता करता म्हणाली, "सही कर, आपा."

"तूसुद्धा?"

"मी चोपन्नची झाले. तू गेलीस, मी गेले, की त्याचं नाव कोण घेणार? माझ्या मुलींना मामाचा फोटो दाखवला तर विचारतात, हे कोण. दगडावर निदान वाचतील तरी."

"दगडावर लिहिलं की वाट बघणं संपलं, झौरे."

"तू थकली नाहीस का गं वाट बघून?"

कामशात थकली तर होतीच. कुत्रं भुंकलं की उठायचं, दार उघडायचं, गारवा आत घ्यायचा, दार लावायचं. हल्ली गुडघे उठू देत नव्हते, म्हणून दाराला आतून कडी घालणंच तिनं सोडून दिलं होतं.

"लिहू दे," शेवटी ती म्हणाली. "पण तेल मी तापवणार नाही."

सोळाला ढोपरभर बर्फ होता. दगडावरचं पांढरं कापड काढलं. मुलांनी गाणं म्हटलं, एका साहेबानं लांबलचक भाषण केलं. मग मुल्लांनी नावं वाचायला घेतली. प्रत्येक नावाला, गेलेल्यासाठी दुवा मागत, बायकांचे तळवे वर होत आणि चेहऱ्यावरून खाली येत. कामशातचेही होत होते. येरमेकचं नाव आलं तेव्हा तिनं हात कोटाच्या खिशात घातले. झौरेनं ते पाहिलं. तिचे स्वतःचे हात तोवर वर गेले होते, ते तसेच राहिले.

नंतर बायका टोपल्या घेऊन फिरू लागल्या. पलीकडच्या घरातली उल्मेकेन, कामशातबरोबर तीस वर्षं बीट उपटलेली, तिच्यासमोर येऊन थांबली. तिनं टोपलीवरचं फडकं उचललं.

"घे गं. गरम आहेत अजून."

कामशातनं एक उचललं. "कुणाच्या नावानं?"

उल्मेकेन इकडेतिकडे बघू लागली.

"विचारतेय मी."

"तू करणार नाहीस हे ठाऊक होतं मला. म्हणून म्हटलं, त्याच्या नावानं मीच..."

कामशातनं शेलपेक परत टोपलीत ठेवलं, हळूच, दुमडू न देता. चिडली नव्हती ती. चिडायला लागतो तेवढा जोर आता अंगात उरला नव्हता.

"दुसऱ्या कुणाच्या नावाचं असेल तर दे, उल्मेकेन. सकाळपासून पोटात काही नाही."

उल्मेकेननं टोपलीत तळापर्यंत हात घातला, खालून एक ओढून काढलं.

"हे माझ्या सासूच्या नावचं. थोडं करपलंय."

"तुझी सासू होतीच तशी," कामशात म्हणाली आणि तिथंच, बर्फात उभ्या उभ्या, खायला लागली.